गाऊट: डाळ-टोमॅटो बंद करायचे की आयुष्यभर गोळी घ्यायची?

खिडकीपाशी
धागा काढण्याचं कारण म्हणजे माझ्या उजव्या पायाचा अंगठा. गेल्या महिन्यात मध्यरात्री असा ठणकायला लागला की पांघरुणाचं टोक लागलं तरी जीव जात होता. सकाळी अंगठ्याचं मूळ सुजून लालबुंद. मुरगळला असेल म्हणून गरम पाण्यात पाय बुडवला, तर आणखीच वाढलं. डॉक्टरांनी विचारलं, असं आधी झालंय का? आठवून पाहिलं तर गेल्या वर्षभरात दोनदा पाय 'मुरगळला' होता, आणि दोन्ही वेळा नेमका तोच अंगठा. निदान गाऊट. युरिक ॲसिड 9.1, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा आकडा) ठीक. एटोरिकॉक्सिब आणि कोल्चिसिनवर आठवड्याभरात चालायला लागलो.

खरा घोळ आता सुरू झालाय. डॉक्टर म्हणतात अ‍ॅलोप्युरिनॉल सुरू करू (युरिक ॲसिड उतरवणारी गोळी), आणि ते बहुधा कायमचं. घरी आईने तूरडाळ, पालक, टोमॅटो, वांगी, मटार, दही सगळं बंद केलंय. ऑफिसमधला एक जण व्हिनेगर प्यायला सांगतो, मावसभावाने गुळवेलीच्या काड्या आणून दिल्यात. मी शेहेचाळीसचा आहे. रविवारी मासे खातो (आणि कधीतरी बिअर). नुसत्या पथ्याने हे आटोक्यात येत नाही का? ज्यांना झालंय किंवा ज्यांच्या घरात आहे त्यांनी सांगा.

अडकित्ता
बिअर कंसात घातलीत त्यावरूनच प्रमाण कळलं. :)

माजघर
दही बंद का केलं आईंनी? आंबट म्हणून?

खिडकीपाशी
हो. 'आंबट म्हणजे ॲसिड' एवढं सरळ गणित आहे. लिंबूपण बंद.

खडूफळा
मला अठरा-वीस वर्षं गाऊट आहे, तेव्हा थोडं विस्ताराने लिहितो. निवृत्त शिक्षक आहे, वेळ भरपूर आहे.

माझ्या पिढीत हा आजार कुणी ओळखतच नसे. सांधा दुखला की संधिवात, आणि संधिवात म्हटला की तेल लावा. माझे थोरले मेहुणे असेच तेल लावत राहिले. झटका आला की मेडिकलमधून डायक्लोफेनॅक आणायचं, चार दिवसांत उतार पडला की विसरून जायचं. मग झटके वर्षातून एकदाचे चारदा झाले, अंगठ्यातून घोट्यात, घोट्यातून गुडघ्यात, शेवटी हाताच्या बोटांत. कानाच्या पाळीवर आणि कोपरावर गाठी आल्या. एक गाठ फुटली तेव्हा आतून पांढरा भुगा निघाला. सतत वेदनाशामकं खाऊन मूत्रपिंडं अधू झाली ती वेगळीच. माणूस शुद्ध शाकाहारी, माळकरी, आयुष्यात दारूला शिवला नाही. तरी नातेवाईक पाठीमागे कुजबुजायचेच, "गुपचूप काहीतरी चालत असणार."

म्हणून सांगतो, 'खाण्यापिण्याचा आजार' हा शिक्का आधी मनातून काढा. मी अ‍ॅलोप्युरिनॉल घेतो, रोज सकाळी चहाआधी. डाळ खातो, टोमॅटोचं सार ओरपतो.

अडकित्ता
खडूफळा हे नाव आणि गाठीतून पांढरा भुगा! सर, नाव बदला, वाचताना अंगठा दुखायला लागला.

सांधेबदल
जिल्ह्याच्या गावी फिजिशियन आहे. खडूफळा सरांनी अनुभवातून सांगितलं तेच जरा शरीरशास्त्राच्या अंगाने सांगतो.

युरिक ॲसिडचा आंबटपणाशी काही संबंध नाही. लिंबू, दही, चिंच खाऊन ते वाढत नाही. आपल्या पेशींमध्ये प्युरिन असतात. पेशी जुन्या होऊन मोडतात तेव्हा त्या प्युरिनचं शेवटी युरिक ॲसिड होतं. म्हणजे त्यातलं बरंचसं घरचंच असतं, ताटातून येतो तो छोटा वाटा. बहुतेक सस्तन प्राण्यांकडे ते पुढे मोडणारं युरिकेज नावाचं विकर असतं. माणसाच्या पूर्वजांनी ते उत्क्रांतीच्या ओघात गमावलं, म्हणून आपल्याला ते तसंच बाहेर टाकावं लागतं. साधारण दोन तृतीयांश मूत्रपिंडातून, उरलेलं आतड्यातून. गाऊटच्या दहापैकी नऊ रुग्णांत दोष उत्पादनात नसतो, निचऱ्यात असतो. मूत्रपिंड इतर सगळ्या बाबतींत उत्तम असतं, क्रिएटिनिन नॉर्मल असतं, फक्त युरिक ॲसिड ते कमी सोडतं. हा स्वभाव बऱ्याच अंशी आनुवंशिक.

शरीराच्या तापमानाला डेसिलिटरमागे साधारण 6.8 मिलिग्रॅमच्या वर गेलं की ते रक्तात विरघळलेलं राहू शकत नाही. मिठागरात पाणी आटलं की मीठ धरतं तसे सांध्यात सुईसारखे स्फटिक धरतात. पायाचा अंगठा शरीराच्या टोकाला, त्यातल्या त्यात थंड, म्हणून पहिला मान बहुधा त्याचा. वर्षानुवर्षं ते निपचित असतात. एके रात्री पांढऱ्या पेशी त्यांच्यावर तुटून पडतात, तो झटका. झटका दहा-पंधरा दिवसांत औषध न घेताही ओसरतो. स्फटिक मात्र तिथेच राहतात. सगळी फसगत इथे होते.

@ खिडकीपाशी, अगदी कडक पथ्य पाळलं तरी युरिक ॲसिड जेमतेम एकाने उतरतं. 9.1 चं 8 होईल. तुम्हाला 6 च्या खाली जायचंय.

बोरीबंदर
मग आमच्यासारख्यांचं काय? ऑफिसच्या फुल बॉडी चेकअपमध्ये माझं 7.4 आलं, लाल अक्षरात. दुखत कुठेच नाही. बायकोने त्या दिवसापासून राजमा बघितलेला नाही.

सांधेबदल
दुखत नाही, मूतखडा नाही, झटका कधी आला नाही, तर साधारणपणे नुसत्या आकड्याला गोळी देत नाहीत. वाढलेलं युरिक ॲसिड असलेल्या बहुसंख्य लोकांना कधीच गाऊट होत नाही. वजन, रक्तदाब, साखर बघा, पाणी प्या, आणि राजमा परत आणा.

बोरीबंदर
हा प्रतिसाद छापून फ्रिजवर लावतो.

माजघर
माझ्या सासूबाईंच्या टाचा दुखतात. सकाळी उठून पहिली काही पावलं टाकता येत नाहीत, मग मोकळं होतं. कुणीतरी युरिक ॲसिड सांगितलं, तपासलं तर 6.3. तेव्हापासून घरात पालक नाही.

सांधेबदल
सकाळच्या पहिल्या पावलांना टाच दुखणं हे बहुतेक वेळा तळपायाच्या पडद्याचं दुखणं असतं, प्लांटर फॅसायटिस. गाऊटमध्ये सांधा सुजतो, लाल होतो, हात लावू देत नाही. मऊ चपला, पोटऱ्यांचे ताण. पालकाने कुणाचं काही बिघडवलेलं नाही.

तळटीप
डॉक्टरसाहेब, पालकात आणि मटारात प्युरिन असतात हे खरं आहे की नाही? पुण्यातल्या एका आहारतज्ज्ञांचा छापील तक्ता माझ्यासमोर आहे. त्यात मशरूम, फ्लॉवर, पालक, मटार लाल रकान्यात आहेत.

सांधेबदल
असतात. पण प्युरिन असणं आणि त्याने गाऊट होणं यात फरक आहे. 2004 मध्ये अमेरिकेत हजारो पुरुष डॉक्टर-दंतवैद्यांसारख्या व्यावसायिकांना बारा वर्षं पाहून केलेला अभ्यास न्यू इंग्लंड जर्नलमध्ये आला. मांस आणि मासे जास्त खाणाऱ्यांना गाऊट जास्त होता. प्युरिनवाल्या भाज्या-कडधान्यं खाणाऱ्यांना अजिबात जास्त नव्हता. दूध-दह्याचं, विशेषतः कमी सायीचं, प्रमाण जास्त असणाऱ्यांना उलट कमी होता. तक्ते मात्र जुनेच फिरतायत.

माजघर
म्हणजे खिडकीपाशी यांच्या आईंनी नेमकं औषधच बंद केलंय की! ताक द्या त्यांना.

कातळ
आमच्या मालवणात ह्या रोगाची पंचाईत वेगळी. माका चार वर्सां झाली. डॉक्टर म्हणालो, बांगडो, तारली, कोळंबी कमी करा. म्हटलं, मग जगाचा कशाक?

आता बाकीच्यांसाठी सरळ भाषेत. मी मासे सोडले नाहीत. तारली आणि सुकट कमी केलं, रोजचं आठवड्यातून दोनदा केलं. मटणात वजडी-कलेजी पूर्ण बंद. पण खरं सांगू? फरक माशांनी नाही पडला. झटके यायचे ते कधी, तर मे महिन्यात मुंबईकर पाहुणे आले की. दिवसभर उन्हात, पाणी कमी, रात्री बिअर आणि वर कोळंबी. यात दोषी कोण ते शोधत बसलो नाही. गोळी चालू केली, आता युरिक ॲसिड 5.4 आहे, आणि मे महिना सुखात जातो.

अडकित्ता
पाहुणे बंद करायचा सल्ला कुठल्याच तक्त्यात कसा नाही?

खिडकीपाशी
@ कातळ, बिअरऐवजी व्हिस्की चालते असं एकाने ठामपणे सांगितलंय.

सांधेबदल
तो 'एक' प्रत्येक गावात असतो. बिअर सगळ्यात वाईट, कारण अल्कोहोलबरोबर यीस्टमधले प्युरिनही येतात. पण व्हिस्कीही निर्दोष नाही. आणि ज्यावर कुणीच बोलत नाही ते म्हणजे कोल्ड्रिंक आणि डब्यातले ज्यूस. साखरेत निम्मं फ्रुक्टोज असतं. ते यकृतात मोडताना युरिक ॲसिड तयार होतं. पालक सोडून थम्सअप पिणारे पेशंट मी रोज बघतो.

नाडीपट्टी
मी वैद्य आहे, नाशिकला प्रॅक्टिस. गुळवेलीचा उल्लेख आला म्हणून लिहिते. आमच्याकडे याला वातरक्त म्हणतात. गुडूची (म्हणजे गुळवेलच) आणि कैशोर गुग्गुळ त्यात दिले जातात, मीही देते. पण प्रकृती बघून, मात्रा ठरवून, रक्त तपासून. मावसभावाने आणलेल्या काड्या उकळून पिणं हा आयुर्वेद नव्हे.

सांधेबदल
2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्यांमध्ये यकृताला इजा झालेले रुग्ण नोंदवले होते, तेही लक्षात असू द्या.

नाडीपट्टी
आहे लक्षात. त्यावर आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला होता की वनस्पतीची ओळख पटवलेली नाही, गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी जात असू शकते. तो वाद बाजूला ठेवला तरी माझा मुद्दा तोच राहतो. कुंपणावरून तोडलेली वेल कोणती, हे मावसभावाला कुठे माहीत असतं? आणि एक. बोटांत गाठी आलेला, क्रिएटिनिन वाढलेला रुग्ण आला तर मी त्याला अ‍ॅलोप्युरिनॉल बंद करायला कधीच सांगत नाही.

सांधेबदल
इथे आपलं जमलं.

रानवाट
वैद्यबाई, वनस्पतीचा विषय निघालाच आहे तर. डॉक्टर ज्याला कोल्चिसिन म्हणतात ते कळलावीच्या कंदात आणि बियांत असतं. श्रावण-भाद्रपदात सह्याद्रीत झुडपांवर लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलं दिसतात ती. तमिळनाडूत बियांसाठी तिची शेती होते. कृपा करून कुणी कंद खाऊ नका, विषारी आहे, त्याने माणसं दगावलेली आहेत.

औषधवाला
दुकानात बसून दिसतं ते सांगतो. कोल्चिसिनच्या बाबतीत लोकांना वाटतं, दुखतंय तर जास्त घेऊ. पूर्वी खरंच जुलाब लागेपर्यंत दर तासाला देत असत. आता कमी मात्रा देतात, कारण फायदा तेवढाच आणि त्रास कितीतरी कमी. झटका सुरू झाल्यावर जितक्या लवकर तितकं चांगलं. आणि सर्दी-खोकल्यासाठी दुसऱ्या डॉक्टरांनी क्लॅरिथ्रोमायसिन लिहून दिलं तर त्यांना कोल्चिसिन चालू आहे हे सांगा. ही जोडी जिवावर बेतू शकते. मूत्रपिंड अधू असेल तर जास्तच.

दुसरं, चिठ्ठीशिवाय 'अंगठ्यासाठी ते पिवळं पाकीट द्या' म्हणणारे रोज येतात. किडनीचा त्रास, रक्तदाब, हृदयविकार असणाऱ्यांनी वेदनाशामक मनाने घेऊ नये. त्यांच्यासाठी थोडे दिवस स्टेरॉइड हा पर्याय असतो, तोही डॉक्टरांनीच द्यायचा.

रानवाट
वेदनाशामकांवरून एक फाटा फोडतो, राग मानू नका. आपल्याकडची गिधाडं गाऊटनेच मेली हे किती जणांना माहीत आहे?

नव्वदच्या दशकात गिधाडं पटापट मरायला लागली. मेलेल्या पक्ष्यांच्या काळजावर, मूत्रपिंडांवर युरिक ॲसिडचा पांढरा थर सापडायचा. 2004 मध्ये कारण उघड झालं. गुरांना दिलेलं डायक्लोफेनॅक मढ्यातून गिधाडांच्या पोटात जायचं, त्यांची मूत्रपिंडं बंद पडायची. पक्ष्यांमध्ये युरिक ॲसिड हेच मुख्य उत्सर्जन, शिटेत पांढरं दिसतं ते तेच, त्यामुळे मूत्रपिंड थांबलं की सगळं आत साचायचं. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त गेली. 2006 मध्ये गुरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आली. तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गुरांना वापरल्या जात होत्या, म्हणून 2015 मध्ये इंजेक्शनचा आकार 3 मिलिलिटरवर आणला. रायगडात म्हसळ्याकडे चिरगावला आता पुन्हा घरटी दिसतात.

तळटीप
माहिती उत्तम, पण धागा गिधाडांचा नाही.

अडकित्ता
असू द्या हो. घरी सांगता येईल, मी दारूने नाही, गिधाडासारखा औषधाने आजारी आहे.

माजघर
@ औषधवाला, हसण्यावारी न नेता विचारते. माझी आई 68 वर्षांची, तिला रक्तदाबासाठी लघवीची गोळी आणि रक्त पातळ राहण्यासाठी छोटी ॲस्पिरिन आहे. तिचंही बोट सुजलं होतं. बायकांना गाऊट होत नाही ना?

औषधवाला
होतो. पाळी चालू असेपर्यंत इस्ट्रोजेनमुळे निचरा चांगला होतो, म्हणून तरुण बायकांत क्वचित. पाळी गेल्यावर प्रमाण वाढतं. त्यातून थायाझाइड जातीची लघवीची गोळी आणि छोट्या मात्रेतली ॲस्पिरिन, दोन्ही युरिक ॲसिड वाढवतात. पण स्वतःहून काही बंद करू नका, विशेषतः ॲस्पिरिन. डॉक्टरांना विचारा, रक्तदाबाची गोळी बदलता येईल का. लोसार्टनने युरिक ॲसिड थोडं उतरतं, कुणाकुणाला बदलून देतात.

दक्षिणगोलार्ध
ऑकलंडहून लिहितोय. इथे गाऊट हा घराघरातला विषय आहे. माओरी आणि पॅसिफिक बेटांवरच्या लोकांत त्याचं प्रमाण जगात सर्वाधिक असलेल्यांपैकी आहे. कारण मुख्यतः जनुकीय. आणि तरी इथेही तीच लाज: खाऊनपिऊन ओढवून घेतलेला रोग. माझा सहकारी सामोआचा. लंगडत कामावर यायचा आणि फुटबॉल खेळताना लागलं म्हणून सांगायचा.

2018 मध्ये इथल्या ओटागो विद्यापीठातल्या संशोधकांनी सोळा हजारांहून जास्त अमेरिकन लोकांची माहिती तपासली. युरोपीय वंशाचे होते, एवढं ध्यानात धरा. माणसामाणसांत युरिक ॲसिडचा जो फरक दिसतो त्यापैकी आहाराने एक टक्कासुद्धा समजावता आला नाही. आनुवंशिक घटकांनी जवळपास 24 टक्के. आता यावर घरी काय उत्तर आहे ते सांगा.

तळटीप
सहसंबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे. शिवाय रक्तातली पातळी वेगळी आणि झटका वेगळा. कातळ यांना बिअर-कोळंबीनेच झटका आला ना?

दक्षिणगोलार्ध
मान्य. ज्याच्या सांध्यात स्फटिक आधीच बसलेत त्याला एक जोरदार पार्टी पुरते. पण पार्टीने स्फटिक तयार केले नाहीत, नुसते डिवचले. आणि तुम्हाला आवडेल असं एक सांगतो. टोमॅटोने झटका येतो असं इथे बरेच रुग्ण सांगत होते. 2015 मध्ये ओटागोच्याच लोकांनी तपासलं, तर टोमॅटो खाणं आणि युरिक ॲसिड यांचा बारीकसा संबंध दिसला. म्हणजे खिडकीपाशी यांच्या आईंचा एक बाण अगदीच हवेत गेलेला नाही.

खिडकीपाशी
हे मी घरी सांगणार नाही.

सांधेबदल
ज्याला टोमॅटोने खरंच त्रास होतो त्याने सोडावा. सगळ्या महाराष्ट्राने सोडायची गरज नाही.

आता मूळ प्रश्नाकडे. गोळी कायम का? रक्तदाबाची कायम का, याचं उत्तर तेच याचं. निचऱ्याचा दोष जात नाही. युरिक ॲसिड 6 च्या खाली ठेवलं की जुने स्फटिक हळूहळू विरघळतात, महिने लागतात, गाठी असतील तर वर्षं. गोळी बंद केली की पुन्हा जमायला लागतात. पहिल्याच झटक्यानंतर सगळ्यांना गोळी देत नाहीत. वर्षात दोन किंवा जास्त झटके, गाठी, सांध्याची झीज अशा वेळी नक्की देतात. तुमचा तिसरा आहे.

सुरुवात 100 मिलिग्रॅमने किंवा त्याहून कमी, मग दर काही आठवड्यांनी रक्त तपासून वाढवत न्यायची. पुष्कळांना 300 लागते, काहींना त्याहून जास्त. '100 घेतली, उपयोग नाही झाला' म्हणणारे बहुतेक वेळा 100 वरच थांबलेले असतात.

खडूफळा
डॉक्टर, एक मुद्दा ठळकपणे सांगा. गोळी सुरू केल्यावर सुरुवातीला झटके वाढतात तो.

सांधेबदल
बरोबर, तो सगळ्यात महत्त्वाचा. स्फटिक विरघळायला लागले की थर सुटतो आणि झटका येऊ शकतो. पेशंट म्हणतो, गोळीनेच दुखायला लागलं, आणि बंद करतो. म्हणून पहिले तीन ते सहा महिने कोल्चिसिनची छोटी मात्रा सोबत देतात. मध्ये झटका आला तर झटक्याचं औषध घ्या, अ‍ॅलोप्युरिनॉल चालूच ठेवा.

इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमला एक प्रयोग झाला, 2018 मध्ये लॅन्सेटमध्ये आला. एका गटाला परिचारिकांनी आजार नीट समजावला, शंका फेडल्या, मात्रा वाढवत नेली. दुसऱ्याला नेहमीचे उपचार. दोन वर्षांनी पहिल्या गटातले 95 टक्के लक्ष्याच्या खाली होते, दुसऱ्यातले 30 टक्के. औषधं साधारण तीच. आमच्या ओपीडीत एका पेशंटला जेमतेम पाच मिनिटं मिळतात, त्यामुळे हे वाचून जरा लाजच वाटली होती.

औषधवाला
अ‍ॅलोप्युरिनॉलची धोक्याची बाजूही लिहा. अंगावर पुरळ, तोंडात फोड, ताप आला तर गोळी त्याच क्षणी बंद आणि सरळ डॉक्टरकडे. हे क्वचित होतं, पण झालं तर गंभीर. बहुधा पहिल्या दोनेक महिन्यांतच. थाई, कोरियन, हान चिनी लोकांत एका विशिष्ट जनुकामुळे धोका जास्त, तिथे आधी तपासणी करतात. ज्यांना ॲझाथायोप्रिन हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध चालू आहे त्यांनीही आधी सांगावं.

बोरीबंदर
फेबुक्सोस्टॅट म्हणून एक असतं ना? काकांना ते आहे.

सांधेबदल
असतं, तेही युरिक ॲसिड उतरवणारं, चांगलं औषध आहे. 2018 च्या एका मोठ्या चाचणीत हृदयविकाराने मृत्यू थोडे जास्त दिसले म्हणून खळबळ झाली. 2020 च्या दुसऱ्या चाचणीत तसं दिसलं नाही. हृदयरुग्ण असतील तर विचार करून देतो. अ‍ॅलोप्युरिनॉल 1966 पासून वापरात आहे, स्वस्त आहे. ते शोधणाऱ्या गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांना 1988 चं नोबेल मिळालं, इतर औषधांवरच्या कामासह. गंमत म्हणजे सुरुवातीला ते कर्करोगाच्या एका औषधाचा परिणाम टिकवण्यासाठी पाहत होते.

माजघर
उपासाचं काय? आई एकादशी निर्जळी करते.

सांधेबदल
कडक उपास आणि पाणी कमी हे झटक्याला आमंत्रण. उपाशी शरीरात कीटोन वाढतात, त्यांच्यामुळे युरिक ॲसिड बाहेर पडायचं थांबतं. झटपट वजन उतरवणाऱ्या डाएटमध्येही हेच. वजन कमी करायचंच, पण हळूहळू.

कातळ
एक राहिलं. दरवेळी लाल सांधा म्हणजे गाऊट नसतो. आमच्या शेजाऱ्यांचा गुडघा सुजला, गाऊट आहे म्हणून घरीच औषध घेतलं. थंडी वाजून ताप भरला तेव्हा नेलं, तर सांध्यात पू. शस्त्रक्रिया करावी लागली.

सांधेबदल
हे फार बरं सांगितलंत. ताप, थंडी, खूप अशक्तपणा असेल तर त्याच दिवशी दाखवा. सुईने सांध्यातलं पाणी काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं की जंतू आहेत की स्फटिक ते कळतं. आणि ऐन झटक्यात युरिक ॲसिड नॉर्मलही येऊ शकतं. निदान पटत नसेल तर दोन-चार आठवड्यांनी पुन्हा तपासा.

खिडकीपाशी
सगळ्यांचे आभार. काल डॉक्टरांकडे जाऊन आलो, अ‍ॅलोप्युरिनॉल 100 आणि कोल्चिसिन सुरू. चार आठवड्यांनी रक्ततपासणी. आईला हा धागा वाचून दाखवला, ताक आणि डाळ परत आली. टोमॅटोवर वाटाघाटी चालू आहेत, गुळवेल मावसभावाला साभार परत. बिअरचा कंस सध्या मिटवलाय.

अडकित्ता
गाऊटने जे केलं ते बायकोला जमलं नव्हतं म्हणायचं.

दोन_नंबर_फलाट
नवीन सदस्य आहे, धागा वाचून विचारतोय. भावाला टीबीची औषधं सुरू झालीत, दुसरा महिना. सांधे दुखायला लागले, युरिक ॲसिड 10 आलं. त्यालाही गाऊट झाला का? औषधं बंद करू का?

सांधेबदल
बंद करू नका. टीबीच्या गोळ्यांमधलं पायराझिनामाइड युरिक ॲसिड बाहेर पडू देत नाही, त्यामुळे आकडा वाढतो आणि सांधे दुखू शकतात. नेहमीच्या उपचारात ते पहिले दोन महिनेच असतं, नंतर आकडा आपोआप उतरतो. खरा गाऊट क्वचितच होतो. टीबीची औषधं अर्धवट सोडणं त्याहून कितीतरी धोक्याचं. जिथून औषध मिळतं तिथे उद्याच जा, सांधेदुखी सांगा, ते दुखण्याची गोळी देतील. एखादाच सांधा लाल होऊन सुजलाय का, की सगळेच दुखतायत?

दोन_नंबर_फलाट
सगळेच. गुडघे आणि खांदे जास्त. सूज नाही.

सांधेबदल
मग घाबरण्यासारखं दिसत नाही. तरी उद्या दाखवाच.